सुई टोचण्याआधी लावायचं बधिर मलम: कधी, किती, आणि कुठे अजिबात नाही



१ जून ते ३१ जुलै बोटी किनाऱ्याला लागलेल्या असतात. वर्षभर पुढे ढकललेली दवाखान्याची कामं आपण याच दोन महिन्यांत उरकतो. कुणाची रक्ताची तपासणी, कुणाच्या मानेवरची चामखीळ काढायची, कुणाच्या नातवाचं राहिलेलं इंजेक्शन. आपल्यापैकी बऱ्याच जणांचे नातेवाईक गुजरातेत आहेत. कुणाची मुलगी वडोदऱ्याला समा भागात दिली आहे, कुणाचा भाऊ तिथल्या कारखान्यात आहे. गायकवाडांच्या काळापासून त्या शहरात मराठी घरं आहेत, त्यामुळे आपल्या माणसाला तिथे परकं वाटत नाही. बंदीच्या दिवसांत लेकीकडे जायचं आणि सयाजी हॉस्पिटलात तपासणीही करून यायची, असा बेत अनेक घरांत होतो.

अशा वेळी हल्ली एक नवी सूचना कानावर पडते: "सुईच्या आधी तासभर बधिर करायची क्रीम लावून आणा." लहान मुलाला सलाईन लावायची असेल, डायलिसिस असेल किंवा चामखीळ काढायची असेल, तर डॉक्टर असं सांगतात. घरी आल्यावर मात्र गोंधळ होतो. क्रीम कुठली घ्यायची, किती लावायची, जखमेवर चालते का, बाळाला चालते का? कुणी पाच मिनिटं चोळतं आणि म्हणतं, काही उपयोग नाही. कुणी अख्खी ट्यूब थापतं. पहिल्यात पैसे वाया जातात, पण दुसऱ्यात जीवावर बेतू शकतं. म्हणून आज या विषयावर नीट बोलू.

हे मलम आहे तरी काय?

औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या या क्रीममध्ये बहुतेक वेळा दोन औषधं असतात, लिग्नोकेन आणि प्रिलोकेन, प्रत्येकी अडीच टक्के. लिग्नोकेनलाच लिडोकेन असंही म्हणतात. दात काढताना डॉक्टर हिरडीत जे बधिर करायचं इंजेक्शन देतात, त्यातही बहुतेक वेळा हेच औषध असतं. परदेशात ही क्रीम एम्ला नावाने प्रसिद्ध झाली. आपल्याकडे प्रिलॉक्स आणि इतर नावांनी मिळते. महाराष्ट्रात असा नाहीतर वडोदऱ्यात, दुकानदाराला "लिग्नोकेन-प्रिलोकेन क्रीम" एवढं सांगितलं की पुरतं.

लिग्नोकेन स्वीडनमध्ये १९४३ साली नील्स लोफग्रेन या रसायनशास्त्रज्ञाने तयार केलं आणि १९४८ पासून ते बाजारात आलं. पण बरीच वर्षं ते इंजेक्शनानेच द्यावं लागायचं. म्हणजे दुखू नये म्हणून जे द्यायचं, त्यासाठीच आधी सुई टोचायची. धड कातडीतून औषध आत जाईल अशी क्रीम मिळायला १९८० चं दशक उजाडलं.

अडचण होती आपल्या कातडीची. कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा आणि तेलकट असतो. समुद्राचं पाणी, घाम, माती काही आत जाऊ नये म्हणूनच तो आहे, तसाच तो औषधालाही अडवतो. लिग्नोकेन आणि प्रिलोकेन ही दोन्ही औषधं वेगवेगळी असताना घट्ट असतात. पण सम प्रमाणात एकत्र केली की ती खोलीच्या तापमानालाच वितळून तेलासारखी होतात.

आपल्याला हे समजायला सोपं आहे. बर्फात मीठ घातलं की काय होतं? बर्फही घट्ट, मीठही घट्ट. दोन्ही एकत्र आली की बर्फ शून्याच्या खालीही वितळत राहतो आणि पेटीतली थंडी वाढते. हाच निसर्गनियम या क्रीममध्ये आहे. दोन घट्ट पदार्थ एकमेकांचा वितळण्याचा बिंदू खाली आणतात. वितळून तेल झालेल्या औषधाचे बारीक थेंब क्रीममध्ये असतात आणि ते कातडीतून हळूहळू आत झिरपतात. आत गेल्यावर ते दुखण्याचा निरोप मेंदूकडे नेणाऱ्या मज्जातंतूंचं दार तात्पुरतं बंद करतात. सुई टोचलेली असते, पण निरोप पोचत नाही.

एक तास का लागतो?

झिरपायला वेळ लागतो, एवढंच त्याचं कारण. एक तास ठेवली तर साधारण तीन मिलिमीटर खोलीपर्यंत बधिरपणा येतो, दोन तास ठेवली तर पाच मिलिमीटरपर्यंत. रक्त काढण्यासाठी किंवा सलाईनच्या सुईसाठी एवढं पुरतं. पाच-दहा मिनिटं लावून पुसली तर हातावरच्या धड कातडीवर काहीच होत नाही.

यातूनच दुसरी गोष्टही कळते. दंडात किंवा मांडीत खोल दिलं जाणारं इंजेक्शन स्नायूत जातं, तेवढी खोली क्रीम गाठत नाही. कातडीवरची टोच कमी लागेल, पण आत औषध पसरताना होणारी ठणक राहणारच. मुलाला "अजिबात दुखणार नाही" असं सांगू नका. "टोच कमी लागेल" असं सांगा. एकदा खोटं पडलं की पुढच्या वेळी पोर दवाखान्याची पायरी चढत नाही.

अजून एक गल्लत नेहमी होते. दुकानात लिग्नोकेनची जेलीही मिळते, लघवीची नळी घालताना वापरतात ती. नाव तेच, पण ती आतल्या ओल्या त्वचेसाठी असते. हाताच्या कोरड्या, धड कातडीवर तिचा उपयोग जवळजवळ होत नाही. म्हणून जेली नको, क्रीमच मागा आणि डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून घ्या.

कुणाला खरोखर उपयोग होतो?

रक्ताच्या साध्या तपासणीला धडधाकट माणसाने क्रीम लावलीच पाहिजे असं नाही. क्षणभराची टोच असते. पण काही जणांना तिचा मोठा आधार होतो.

पहिली म्हणजे वारंवार सुई लागणारी मुलं. थॅलेसेमियाच्या मुलाला दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. दर वेळी चार माणसांनी धरून ठेवलं, तर त्या मुलाच्या मनात भीती कायमची बसते.

दुसरे डायलिसिसचे रुग्ण. आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी हाताच्या फिस्टुलात दोन जाड सुया. २०१६ साली प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाल्यापासून जिल्हा रुग्णालयांतही ही सोय होऊ लागली आहे. आपल्या घरांतही मधुमेह आणि रक्तदाबामुळे मूत्रपिंड गेलेली माणसं आहेत. एखादा तांडेल तोंडाने बोलत नाही, पण सुईच्या त्रासामुळे डायलिसिसची पाळी चुकवतो. पाळी चुकवणं हे सुईपेक्षा कितीतरी पट धोक्याचं. अशा माणसाने डायलिसिसच्या सिस्टरला सरळ विचारावं, "क्रीम लावून येऊ का?" त्या कुठे आणि किती लावायची ते दाखवतील.

तिसरे म्हणजे कातडीवरचं किरकोळ काम: चामखीळ काढणं, छोटा तुकडा तपासणीला घेणं, लेझर.

चौथी म्हणजे सुईची खरोखर भीती असलेली मोठी माणसं. यात लाजण्यासारखं काही नाही. वादळात बोट आणणारा माणूसही सुई बघून घेरी येऊन पडतो, कारण सुई बघितल्यावर काहींचा रक्तदाब एकदम उतरतो. शरीराचाच तो गुण आहे, भित्रेपणा नव्हे. अशा माणसाने आधीच सांगावं आणि आडवं झोपून रक्त द्यावं.

लावायची कशी?

१. जागा आधी विचारून घ्या. शीर कुठे सापडेल ते सिस्टरला माहीत असतं. शक्य असेल तर दोन जागांवर लावायला सांगतात, म्हणजे एक शीर हुकली तर दुसरी तयार. पण दोन्ही जागा मिळून एकूण क्रीम ठरलेल्या मर्यादेतच हवी.

२. कातडी साध्या पाण्याने धुऊन कोरडी करा. खोबरेल, बाम, पावडर काही नको.

३. क्रीमचा जाडसर थर द्या. चोळायचं नाही. मोठ्या माणसाला एका जागी साधारण दोन ते अडीच ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या छोट्या ट्यूबमधली जवळपास अर्धी.

४. वरून क्रीमसोबत मिळणारी किंवा दुकानात मिळणारी पारदर्शक चिकटपट्टी लावा. कडा बंद हव्यात. लहान मूल असेल तर त्यावर सैलसर बँडेज गुंडाळा, नाहीतर ते चाटेल किंवा तोच हात डोळ्याला लावेल.

५. पट्टीवर पेनाने वेळ लिहा. घाईत हे विसरायला होतं.

६. कमीत कमी एक तास ठेवा. मोठ्या माणसाला जास्तीत जास्त पाच तास. सुईच्या आधी पट्टी काढून क्रीम पूर्ण पुसायची. मग सिस्टर नेहमीसारखी जागा साफ करतील.

वेळेचा हिशेब आधी करा. समजा समाहून फतेगंज, काळा घोडा मार्गे सयाजी हॉस्पिटल गाठायचं आहे आणि केसपेपरच्या रांगेतही उभं राहायचं आहे. मग घरूनच लावून निघालं तर रांगेतला वेळ कामी येतो. उलट, नंबर लागल्यावर क्रीम काढून बसलात तर सिस्टर तासभर थांबणार नाहीत. तिथे त्यांच्यापुढे पन्नास माणसं उभी असतात.

काढल्यावर जागा पांढरी पडलेली किंवा थोडी लाल दिसेल. घाबरू नका, ते नेहमीचं आहे. कधी शीर थोडी आकसते, तेव्हा काही मिनिटं थांबून सुई लावतात. बधिरपणा पुढे तास-दोन तास राहतो. तेवढा वेळ मुलाला ती जागा खाजवू किंवा चावू देऊ नका, गरम भांड्याजवळ हात नेऊ देऊ नका. आपणही त्या हाताने कोयता, दोरखंड, विंच यांना हात लावू नका. बधिर हाताला चटका किंवा चिमटा कळत नाही.

क्रीम डोळ्यात गेली तर लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. डोळा बधिर झाला की त्यात कचरा गेलेलाही कळत नाही आणि बुबुळाला इजा होते.

मुलांना किती? इथे चूक नको

पुढची मापं जास्तीत जास्त किती, ही आहेत. तुमच्या मुलाला किती, ते डॉक्टरच ठरवतील. वय आणि वजन दोन्ही बघायचं असतं.

तीन महिन्यांपर्यंतचं किंवा पाच किलोखालचं बाळ: एकूण १ ग्रॅम, एका तासापेक्षा जास्त नाही.

तीन ते बारा महिने, वजन पाच किलोच्या वर: एकूण २ ग्रॅम, चार तासांपेक्षा जास्त नाही.

एक ते सहा वर्षं, वजन दहा किलोच्या वर: एकूण १० ग्रॅमच्या आत, चार तासांपेक्षा जास्त नाही.

सात ते बारा वर्षं, वजन वीस किलोच्या वर: एकूण २० ग्रॅमच्या आत, चार तासांपेक्षा जास्त नाही.

वय बसतं पण वजन कमी आहे, असं असेल तर खालचं माप धरायचं. एका सुईसाठी प्रत्यक्षात याहून बरीच कमी क्रीम लागते. दिवस पूर्ण होण्याआधी, म्हणजे ३७ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अजिबात लावू नका. नवजात बाळाच्या टाचेतून रक्त घेतात, तिथे या क्रीमचा उपयोग होत नाही हेही लक्षात ठेवा. बीसीजी ही कातडीतच द्यायची जिवंत लस आहे, तिच्या आधी स्वतःच्या मनाने लावू नका.

धोका कुठे आहे?

नीट वापरली तर ही क्रीम सुरक्षित आहे. पण "बाहेरून लावायचं औषध आहे, जास्त लावलं तर काय होतंय" हा समज घातक आहे. कातडीतून झिरपलेलं औषध शेवटी रक्तात जातं. जास्त जागेवर, जास्त वेळ, वरून प्लास्टिक गुंडाळून लावलं, तर ते हृदयाची लय आणि मेंदू दोन्ही बिघडवू शकतं.

अमेरिकेत २२ आणि २५ वर्षांच्या दोन मुलींचा असाच मृत्यू झाला. पायावरचे केस लेझरने काढायच्या आधी दोघींनी जास्त तीव्रतेची बधिर क्रीम दोन्ही पायांना लावून वरून प्लास्टिक गुंडाळलं होतं. झटके आले, शुद्ध गेली आणि त्या गेल्या. त्यानंतर २००७ साली तिथल्या औषध प्रशासनाने लोकांना जाहीर इशारा दिला. मार्च २०२४ मध्ये त्याच प्रशासनाने ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या जादा तीव्रतेच्या बधिर क्रीम बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्यांना तंबी दिली. टॅटू, लेझर, केस काढणं यासाठी अशा क्रीम आपल्याकडेही मोबाईलवर सहज दिसतात. घरातल्या तरुण मुला-मुलींना हे जरूर वाचायला द्या. टक्केवारी स्पष्ट लिहिलेली नसेल किंवा जास्त असेल तर घेऊ नका. हाताच्या तळव्यापेक्षा मोठ्या जागेला लावायची वेळ आली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

दुसरा धोका प्रिलोकेनचा. त्यामुळे क्वचित रक्तातला लाल पदार्थ असा बदलतो की तो प्राणवायू शरीराला पोचवू शकत नाही. ओठ, नखं निळसर-राखाडी होतात, दम लागतो, डोकं दुखतं, मूल मलूल पडतं. असं दिसलं तर क्रीम लगेच पुसून मोठं हॉस्पिटल गाठायचं. यावर उपाय आहे, शिरेतून औषध देतात, पण वेळ घालवायचा नाही. ट्यूब बरोबर न्या.

म्हणून क्रीम लावायच्या आधी डॉक्टरांना या गोष्टी सांगाच:

घरात कुणाला जी-सिक्स-पीडीची कमतरता आहे का. हा रक्ताचा आनुवंशिक दोष आहे, आपल्या देशात काही समाजांत जास्त आढळतो.

मलेरियासाठी प्रिमाक्वीन चालू आहे का. हा आपल्यासाठी कळीचा प्रश्न आहे. बंदरांवर काम करून आलेल्या खलाशांना मलेरिया होतो आणि १४ दिवसांची गोळी अनेकदा हीच असते.

सल्फाची औषधं, डॅप्सोन, फिटच्या गोळ्या, छातीत दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची गोळी किंवा हृदयाची लय सांभाळणारं औषध चालू आहे का.

दात काढताना बधिर करायच्या इंजेक्शनाने कधी त्रास झाला होता का.

एक वर्षाच्या आतल्या बाळाला यांतलं कुठलं औषध चालू असेल तर ही क्रीम त्याला नकोच. दात येताना हिरडीला लावायच्या बेन्झोकेनच्या जेलमुळेही हाच त्रास होऊ शकतो. दोन वर्षांखालच्या बाळाला ती जेल लावू नका.

गळ, पाकट, कुत्रा: इथे क्रीम चालत नाही

आपल्या धंद्यातल्या जखमा वेगळ्या असतात. म्हणून हा भाग नीट वाचा. ही क्रीम धड कातडीसाठी आहे. उघड्या जखमेतून औषध भराभर आणि बेहिशेबी रक्तात जातं. शिवाय जखमेत घाण दडते.

गळ रुतला तर: गळाचा काटा उलटा असतो, ओढला तर मांस फाडतो. घरी क्रीम लावून उपटायचा प्रयत्न नको. दोर कापा, गळ हलू नये म्हणून कापड गुंडाळा आणि दवाखान्यात जा. तिथे बधिर करायचं इंजेक्शन देऊन काढतात. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते सांगा. डोळ्याजवळ किंवा डोळ्यात गळ असेल तर हात लावू नका, तसंच घेऊन जा.

पाकटाची नांगी किंवा शिंगाळ्याचा काटा लागला तर: इथे बधिर क्रीम काही करत नाही, कारण वेदना विषाची असते. जखम स्वच्छ पाण्याने धुऊन तो हात किंवा पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांपर्यंत, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. दुखलेल्या अंगाला चटका कळत नाही, म्हणून पाणी आधी दुसऱ्या हाताने बघा. छातीत, पोटात किंवा मानेत काटा घुसला असेल तर तो उपटू नका, सरळ हॉस्पिटल.

कुत्रा चावला तर: जेट्टीवर आणि मासळी बाजारात भटकी कुत्री असतातच. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. क्रीम, चुना, तिखट, हळद काहीही लावू नका. सरकारी दवाखान्यात लस मोफत मिळते. कातडीत दिली जाणारी लस पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असते. जखम खोल असेल तर जखमेच्या आतबाहेर एक वेगळं औषध टोचतात. ते दुखतं, पण रेबीजपासून जीव वाचवतं. दुखतं म्हणून नाही म्हणू नका.

पुराच्या पाण्यातल्या जखमांनाही हेच लागू. समाच्या बाजूने विश्वामित्री वाहते आणि तिच्यात मगरी आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये तिचं पाणी वडोदऱ्यातल्या अनेक वस्त्यांत शिरलं. अशा पाण्यात पाय कापला तर धुणं, डॉक्टर आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. मलमाचा प्रश्न तिथे येतच नाही.

क्रीम नसेल तर?

क्रीम नाही म्हणून लस किंवा तपासणी पुढे ढकलू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली लसीकरणातल्या वेदनेबद्दल मार्गदर्शन दिलं. त्यातही सगळ्या देशांच्या नेहमीच्या लसीकरणात क्रीम सक्तीची धरलेली नाही, कारण खर्च आणि वेळ दोन्ही लागतात. बिनखर्चाचे उपाय मात्र सांगितले आहेत.

बाळाला लस देताना किंवा त्याच्या जरा आधी अंगावर पाजा. बाळाला आडवं दाबून धरण्याऐवजी आईने मांडीवर उभं, छातीशी धरावं. दोन इंजेक्शनं असतील तर जास्त दुखणारं शेवटी द्यायला सांगा. थोड्या मोठ्या मुलाचं लक्ष दुसरीकडे वळवा, फुगा फुगवायला द्या, मोठ्ठा श्वास सोडायला लावा.

बर्फाने कातडी थोडी बधिर होते हे आपल्याला कुणी सांगायला नको. पण बोटीच्या पेटीतला, म्हावऱ्यातला बर्फ कातडीला लावू नका. घरचा स्वच्छ बर्फ कापडात गुंडाळून थोडा वेळ धरा. थेट किंवा जास्त वेळ धरला तर कातडी भाजल्यासारखी होते.

नाखवा मंडळींना दोन शब्द

हंगाम सुरू होण्याआधी आपण इंजिन, जाळी, लाईफ जॅकेट तपासतो. तशीच खलाशांची साखर, रक्तदाब आणि धनुर्वाताचं इंजेक्शनही तपासून घ्यायला हवं. सुईच्या धास्तीने टाळाटाळ करणारा एखादा तरी प्रत्येक बोटीवर असतो. त्याची टिंगल करू नका. त्याला सांगा की त्रास कमी करायचा उपाय आहे, आणि डॉक्टरांना विचारायला काही पैसे पडत नाहीत. खोल समुद्रात बोटीवर फिट येण्यापेक्षा किनाऱ्यावर एक टोच खाल्लेली बरी.

बोटीच्या औषधपेटीत ही क्रीम ठेवायची गरज नाही. समुद्रावर होणाऱ्या जखमांना ती लागू नाही. त्याऐवजी स्वच्छ पट्ट्या, साबण, जंतुनाशक आणि पाणी तापवायची सोय ठेवा.

थोडक्यात, फ्रीजवर चिकटवून ठेवा

धड कातडीवरच लावा. डोळा, कान, जखम, फोड यांवर नाही.
चोळायची नाही. जाड थर आणि वर चिकटपट्टी.
कमीत कमी एक तास. वेळ पट्टीवर लिहा.
मुलांना वय आणि वजन बघून, डॉक्टर सांगतील तेवढीच.
चालू असलेली सगळी औषधं आधी सांगा.
ओठ निळे, दम, झटके, गुंगी: क्रीम पुसा, १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात आणि गुजरातेत हाच नंबर चालतो.

ज्यांच्या घरी लहान मूल किंवा डायलिसिसचा रुग्ण आहे, त्यांच्यापर्यंत ही माहिती पोचवा. गुजरातेतल्या नातेवाइकांनाही पाठवा. आणि मनात काही शंका राहिली तर क्रीम उघडायच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.